दोन फुटी टँकमध्ये कुणाशेजारी कोण?

क्रॉफर्ड मार्केटमध्ये घरच्या फिश टँकसाठी मासे घेताना 'हा किती मोठा होतो?' हे रंग बघण्याआधी विचारा. काच साफ करतो म्हणून हातात दिला जाणारा बोटभर सकर मासा पुढे फूटभर वाढतो. साधारण ५५ लिटरच्या दोन फुटी टँकमध्ये तो वळणार कुठे?

गोल्डफिश आणि गप्पी एकत्र नकोच. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, घाणही तो भरपूर करतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. एंजल लहान असताना निऑन टेट्रासोबत गुण्यागोविंदाने फिरतो, मोठा झाला की एकेक निऑन गायब होऊ लागतो. टायगर बार्बला लांब, झुलत्या शेपट्या कुरतडायची खोड असते, त्यामुळे गप्पी आणि एंजल त्याच्यापासून लांब ठेवा. दोन नर फायटर मासे तर एका टँकमध्ये कधीच नाहीत!

माझी पसंती: आठ हार्लेक्विन रासबोरा आणि एक हनी गुरामी. दोघेही शांत. शिवाय मुंबईचं नळाचं पाणी तसं मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, ते रासबोराला मानवतं. फक्त क्लोरीन काढायचं औषध घालूनच ते टँकमध्ये ओता. रासबोरा थव्याने राहणारा मासा आहे. दोनच आणलेत तर झाडामागे दडून बसतील. गप्पी हवेतच, तर फक्त नर घ्या. एक मादी आली की महिन्याभरात पिल्लावळ सुरू, आणि मग शेजाऱ्यांना बरण्या भरभरून वाटत बसा.

सगळे मासे एकाच रविवारी आणू नका. आधी अर्धेच सोडा, उरलेले दोन-तीन आठवड्यांनी.