वाढीला आवर घालावा का, हा वाद कसा करावा

तालमीच्या कट्ट्यावर असो वा महाविद्यालयाच्या सभागृहात, हवामान बदलावर बोलताना कोणी ‘आर्थिक वाढीला आवर घाला’ म्हटले की चर्चा लगेच ‘मग काय, कंदिलाच्या उजेडात बसायचे?’ या प्रश्नावर येऊन अडते. म्हणून आधी व्याख्या फळ्यावर लिहावी. वाढीला आवर घालण्याच्या या विचाराला डीग्रोथ म्हणतात आणि डीग्रोथ म्हणजे मंदी नव्हे. मंदी ओढवते आणि रोजंदारीवरच्या माणसाला आधी चिरडते. डीग्रोथमध्ये श्रीमंत समाजांनी ऊर्जेचा आणि साधनसामग्रीचा वापर ठरवून, लोकांच्या संमतीने कमी करणे अभिप्रेत असते.

मग ‘कोणाचा वापर?’ हे विचारावे. कार्बन डायऑक्साइडचे दरडोई वार्षिक उत्सर्जन भारतात सुमारे २ टन, तर अमेरिकेत सुमारे १४ टन आहे. हा फरक न सांगता केलेला वाद करवीर तालुक्यातल्या अल्पभूधारकावर अन्याय करतो.

ऊर्जेच्या मर्यादेबद्दल मोघम बोलू नये, युनिटमध्ये बोलावे. ५ अश्वशक्तीचा शेतीपंप ८ तास चालला तर साधारण ३० युनिट वीज लागते आणि १ किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देते. पावसाळ्यात ढगांमुळे ही निर्मिती घटते, पण तेव्हा पंपाची गरजही घटते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मात्र १ टन लोखंड वितळवायला ५०० हून अधिक युनिट लागतात आणि भट्टीतला रस ढग सरेपर्यंत थांबत नाही. मर्यादा केवळ एकूण विजेची नसते, ती कोणत्या वेळी हवी याचीही असते, आणि माझ्या मते वादाचा खरा गाभा इथेच आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आपणच मांडावा. ब्रिटनचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले आणि त्याच काळात तिथली अर्थव्यवस्था वाढली, हे मान्य करावे. आयात मालामागचे उत्सर्जन धरले तर ही घट कमी भरते, हे त्यानंतर सांगावे.

अखेरीस प्रत्येक वक्त्याकडून कमी करायचा एक वापर आणि वाढवायचा एक वापर लिहून घ्यावा. वाढवायच्या रकान्यात माझी पहिली नोंद शेतीपंपाला दिवसा वीज ही आहे, कारण रात्रपाळीची वीज आली की बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाच्या भीतीने, उसाला पाणी पाजायला माणसाला सरीत उतरावे लागते.