मुलांच्या अंगावरची सूज आणि चिनी काढे: या चुका टाळा

मुलाच्या डोळ्यांवर सकाळी सूज दिसली की घरात आधी झोपेवर खापर फुटतं, मग डासावर, मग कालच्या आइस्क्रीमवर. आठवडाभराने चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतायला लागतं, आणि तेव्हा कुणीतरी फोनवर चिनी काढा शोधून काढतं: अंगातलं पाणी उतरवणारा, पूर्ण नैसर्गिक, कसलाही त्रास नाही. इतक्या आईबापांनी हेच येऊन सांगितलं आहे की आता एकदा सविस्तर लिहिते.

मी वैद्यकीचं शिक्षण चीनमध्ये घेतलं आणि ग्वांगचौच्या एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात काम केलं. तिथे एकाच ट्रॉलीवर स्टेरॉइडच्या गोळ्या आणि काढ्याची सीलबंद पाकिटं शेजारी शेजारी असायची. चिनी वैद्यकाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातं ते बघवत नाही.

सूज हाच आजार समजणे

सूज किडनीमुळे येते, तशी हृदयामुळे, यकृतामुळे, कुपोषणामुळे आणि ॲलर्जीमुळेही येते. किडनीमध्येसुद्धा दोन अगदी वेगळी दुखणी आहेत. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रोटीन वाहून जातं, लघवीला फेस येतो, आणि मूल बहुधा दोन ते सहा वर्षांचं असतं. दुसरं दुखणं घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी किंवा खरजेच्या चिघळलेल्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी येतं. त्यात लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि रक्तदाब चढतो. दोन्ही मुलांचे डोळे सारखेच सुजलेले दिसतात.

जुन्या चिनी वैद्यांना लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पट्टी ठाऊक नव्हती, पण सूज सगळी एक नव्हे हे पक्कं ठाऊक होतं. हान काळातल्या चांग चोंगचिंगने सुजेचे प्रकार पाडले आणि नियम दिला की सूज कमरेखाली असेल तर लघवी मोकळी करा, कमरेवर असेल तर घाम काढा. चू तानशीने (१२८१–१३५८) झपाट्याने येणारी ‘यांग’ सूज आणि रेंगाळणारी ‘यिन’ सूज वेगळी केली. पुढे चांग चिंगयुए (१५६३–१६४०) याने सांगितलं की सुजेचं मूळ किडनीत, दर्शनी टोक फुफ्फुसात आणि लगाम प्लीहेत. हे वैद्य आधी सूज कुठून सुरू झाली, किती दिवसांत पसरली, लघवी कशी होते, घाम येतो का, मूल गार आहे की तापलेलं, हे सगळं विचारायचे आणि मग काढा ठरवायचे. आजचा उतावळा वाचक यातलं अर्धं वाक्य उचलतो, “चेहऱ्यावर सूज, म्हणजे घाम काढायचा,” आणि मा ह्वांगचा काढा चुलीवर चढवतो.

मा ह्वांग म्हणजे इफेड्रा. त्यातलं इफेड्रिन रक्तदाब वाढवतं. खरजेनंतर सुजलेल्या मुलाचा रक्तदाब आधीच चढलेला असतो, त्यात हे पडलं तर डोकेदुखी, उलट्या आणि सरळ झटके. चिनी पाठ्यपुस्तकांतच सूचना आहे की रक्तदाब जास्त असेल तर मा ह्वांग काढून त्या जागी पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती, फू फिंग, वापरावी. पण त्यासाठी आधी रक्तदाब मोजायला लागतो, तोही मुलांच्या मापाच्या पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर गुंडाळून आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

माझी सवय साधी आहे. नडगीच्या हाडावर अंगठा तीन-चार सेकंद दाबून खड्डा राहतो का पाहायचं, मुलाचं वजन करायचं, रक्तदाब घ्यायचा आणि सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची. हे चार आकडे कागदावर येईपर्यंत काढ्याचा विषय मी काढूच देत नाही. पट्टी औषधाच्या दुकानात मिळते आणि ती वाचायला मिनिटभर पुरतं.

काढा सुरू केला म्हणून स्टेरॉइड बंद करणे

ही चूक सगळ्यात घातक, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच.

ग्वांगचौबाहेरच्या एका गावातला पाच वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. नेफ्रोटिक सिंड्रोम, दुसऱ्यांदा उलटलेला. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं आणि लघवीतलं प्रोटीन थांबलंही होतं. पण गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल झाला, गाल लाल झाले, भूक आवरेना. आजीला वाटलं, सूज वाढतेच आहे आणि ती या गोळ्यांमुळेच. बाजारातल्या एका विक्रेत्याने तिला भुकटी दिली आणि सांगितलं की ते हार्मोनचं विष आधी थांबवा. गोळ्या एका दिवसात बंद झाल्या.

मुलगा आला तेव्हा पोट ताणलेलं होतं, हात लावला की तो किंचाळत होता. अंगात ताप होता. पायातले मोजे काढले तर शिवणीची रेघ नडगीत बोटभर खोल उमटलेली. अंडकोश सुजून चकचकीत झालेला. लघवीची पट्टी बुडवताक्षणी गडद हिरवी झाली. पोटात जंतुसंसर्ग झाला होता. नेफ्रोटिकच्या मुलांना न्यूमोकॉकस हा जंतू असा गाठतो, कारण प्रोटीनबरोबर रोगाशी लढणारी प्रथिनंही लघवीतून निघून जातात. शिवाय बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं जवळपास थांबवलेलं असतं. अशा वेळी गोळी अचानक तोडली की तापाच्या ताणात शरीराकडे तोंड द्यायला काही उरत नाही. शिरेतून अँटिबायोटिक, अल्ब्युमिन, वाढवलेलं स्टेरॉइड, असं करत तो वाचला.

त्याच वॉर्डात चिनी वैद्यकाचे एक ज्येष्ठ डॉक्टर फेरीला यायचे. आजीला त्यांचाच आधार होता. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि नंतर माझ्याकडून स्टेरॉइडचा तक्ता मागून घेतला. डोस कुठे आहे त्यावर त्यांचा काढा ठरायचा. डोस भरपूर असतो तेव्हा मूल तापलेलं, चिडचिडं, जीभ लाल. तेव्हा कच्चं रेमानिया आणि चिमू यांसारखी थंडावा देणारी औषधं. डोस उतरत गेला की मूल फिकं, थकलेलं दिसतं. तेव्हा ह्वांग छीसारखी बळ देणारी. आजीला ते म्हणाले, “माझा काढा त्या गोळीच्या मागे चालतो. गोळी सोडलीत तर मी कुणाच्या मागे चालू?” चीनमधल्या मोठ्या रुग्णालयांत ही टप्प्याटप्प्याची जोडणी सर्रास चालते. नुसत्या काढ्याने नेफ्रोटिक उतरतो याला भरवशाचा पुरावा नाही, आणि ते डॉक्टर तसा दावा कधी करत नसत.

गोल चेहरा आणि सूज यात गल्लत करू नका. स्टेरॉइडचा चेहरा सकाळ-संध्याकाळ सारखाच भरलेला असतो आणि दाबल्यावर खड्डा पडत नाही. सुजेचा चेहरा सकाळी फुगलेला असतो, दुपारपर्यंत ओसरतो आणि पाणी पायांत उतरतं. शंका आली तर पट्टी लावा; लघवी स्वच्छ असेल तर तो चेहरा गोळीचा आहे आणि डोस उतरला की जाईल. पहिल्या खेपेला गोळ्या साधारण तीन महिने चालतात, आधी रोज, मग एक दिवसाआड. बहुतेक मुलांची लघवी चार आठवड्यांच्या आत स्वच्छ होते. तिथेच लोकांना वाटतं की झालं, आता बंद. धीर धरणं हाच या उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि मला सर्वात जास्त चीड येते ती घाईला “मुलाच्या काळजीपोटी” असं नाव देणाऱ्यांची.

एका नावाखाली दुसरी मुळी

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या उपचारांवर असलेल्या बायकांच्या किडन्या एकामागून एक निकामी होऊ लागल्या. शंभरावर रुग्ण निघाले. मिश्रणात फांग ची नावाची चिनी मुळी असायला हवी होती, ती स्टेफानिया कुळातली. प्रत्यक्षात आली होती ॲरिस्टोलोकिया कुळातली, नावात फांग ची असलेली दुसरीच. ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनी पोखरतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. चीनने २००३ मध्ये याच कुळातलं क्वान मू थोंग आणि २००४ मध्ये ही दुसरी मुळी, क्वांग फांग ची, औषधांच्या यादीतून काढून टाकली.

सुजेच्या जुन्या नुसख्यांत फांग ची आणि मू थोंग ही दोन्ही नावं वारंवार येतात. ज्याची किडनी आधीच आजारी आहे त्या मुलाला देण्यासाठी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीचा नुसखा उतरवून घेतं आणि ऑनलाइन दुकानातून त्या नावाची पुडी मागवतं. पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं नसेल तर ती उघडूसुद्धा नका. आपल्याकडचं ईश्वरमूळ याच कुळातलं आहे, तेही मुलांच्या पोटात जाता कामा नये.

बाकीच्या चुका, थोडक्यात

काढ्याचं पाणी न मोजणे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं असतं आणि घरचे दिवसाला दोन वाट्या काढा त्याच्या वर पाजतात. वॉर्डात आम्ही काढ्याचं पाकीट पाण्याच्या हिशेबात धरायचो.

मोठ्यांचा नुसखा निम्मा करून देणे. सोंग काळातल्या छिएन यी या मुलांच्या वैद्याने किडनीसाठीच्या जुन्या आठ औषधांच्या गोळीतून बचनागवर्गी फू त्स आणि दालचिनी ही दोन उष्ण औषधं काढूनच टाकली. त्याची शिकवण १११९ मध्ये संकलित झाली. म्हणजे मुलांसाठी मोठ्यांचा नुसखा नुसता निम्मा करून भागत नाही, हे नऊशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे. फू त्स तर घरी शिजवायचंच नाही. कमी उकळलं तर हृदयाचा ठोका चुकतो.

ज्येष्ठमध निरुपद्रवी समजणे. चिनी काढ्यांत कान छाओ म्हणून ते जवळपास सगळीकडे असतं. जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. सुजेवरच्या औषधानेच सूज वाढते.

लेई कोंग थंग ही वेल मुलांना देणे. चीनमध्ये ती किडनीच्या आजारांवर वापरली गेली, पण २०१२ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मुलांना ती वर्ज्य केली. प्रजननशक्तीवर आणि यकृतावर तिचा घाला पडतो.

हिंगूळ असलेल्या तयार गोळ्या. हिंगुळात पारा असतो आणि पारा किडनीत साठतो. नकोच.

सुजलेल्या कातडीवर सुया टोचणे किंवा जोरात चोळणे. ताणलेली कातडी लगेच फाटते आणि पिकते.

खाण्यात मीठ विसरणे. चीनमध्ये कार्प मासा आणि चवळीएवढ्या लाल अझुकी डाळीचं सूप, कोहळ्याची साल, मक्याच्या कणसाचे केस हे सुजेवरचे घरगुती पदार्थ आहेत. तांग काळातला सुन सिम्याओ बजावतो की पाण्याच्या आजारातून उठलेल्याने चवीवर ताबा ठेवलाच पाहिजे, कारण या रोग्यांना खाण्याची हाव आवरत नाही. तेच सूप सोया सॉस ओतून दिलं तर त्याचा उपयोग काय? आपल्या घरात हे काम पापड, लोणचं, शेव आणि बिस्किटं करतात. कोहळ्याची भाजी मीठ कमी घालून जरूर द्या, फक्त तिला औषध म्हणू नका.

लघवी दिवसभर झाली नाही, लघवी लाल-काळी झाली, ताप आणि पोटदुखी एकत्र आली, धाप लागली, डोकं दुखून उलट्या झाल्या किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा. निघताना घरात मुलाला जे जे दिलं असेल त्या सगळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, चिनी अक्षरं वाचता येत नसली तरी. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. आत काय होतं हे कळलं तर इलाज सुरू करण्यातला उशीर टळतो.