जुन्या घरावर इतिहासाचा फलक: पुराव्यापासून स्क्रूपर्यंत

धातूत ओतलेल्या किंवा दगडात कोरलेल्या मजकुरावर वाचणारा सहसा शंका घेत नाही. एकदा फलक लागला की त्यावरचं साल पुढे माहितीपत्रकात जातं, शाळेच्या प्रकल्पात जातं, वर्तमानपत्रात जातं, आणि शेवटी त्या फलकाचाच पुरावा म्हणून दाखला दिला जातो. त्यामुळे गावातल्या जुन्या घरांवर फलक लावायचे ठरवलंत, तर बहुतेक मेहनत ओतारी किंवा कोरणाऱ्याकडे जाण्याआधीच होऊन जायला हवी. उरलेली काळजी भिंतीची. फलक उद्या काढावा लागला तरी घराला इजा होता कामा नये.

आधी घर नक्की करा

सगळ्यात जास्त घात घरक्रमांक करतात. रस्त्याची नावं बदलतात, क्रमांक नव्याने दिले जातात, आणि जुन्या पत्रावरचं '१४ क्रमांकाचं घर' आज तीन घरं पलीकडे असतं. जुना पत्ता मिळाला की थेट त्या घरापाशी जाऊ नका. त्याच काळातला मोजणी नकाशा घ्या, कोपऱ्यावरची न बदलणारी खूण (देऊळ, चर्च, विहीर, पूल) धरा आणि तिथून घरं मोजत या. मग मालकांची साखळी लावा. आजच्या खरेदीखतापासून सुरुवात करून मागे जा. प्रत्येक दस्तात आधीच्या मालकाचं नाव आणि चतुःसीमा असतात. चतुःसीमेतला शेजारी जुळला नाही तर तिथेच थांबा, साखळी तुटलेली आहे.

खरेदीखताची तारीख म्हणजे व्यवहाराची तारीख. घर त्याआधी किंवा नंतर बांधलेलं असू शकतं. बांधकामाचं साल शोधताना घरपट्टीच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. मोकळ्या जागेची आकारणी एखाद्या वर्षी एकदम वाढली असेल, तर त्या सुमारास इमारत उभी राहिली असण्याची शक्यता मोठी. पण वाढीव मजल्यामुळे किंवा दर बदलल्यामुळेही आकडा चढतो, म्हणून त्याच वर्षी शेजारच्या घरांची आकारणीही वाढली होती का ते बघा. दोन नकाशांपैकी आधीच्यात घर नाही आणि नंतरच्यात आहे, एवढं जरी सापडलं तरी बांधकामाचा काळ दोन तारखांमध्ये अडकतो.

दारावर कोरलेलं साल हा चांगला धागा आहे, पण एकट्याने पुरेसा नाही. ते डागडुजीचं असू शकतं, आणि तो दगड दुसऱ्या इमारतीतून आणून बसवलेलाही असू शकतो. तुळयांचंही तसंच. लाकडातल्या वर्षवलयांवरून झाड कधी तोडलं ते काही वेळा ठरवता येतं, मात्र नेमकं वर्ष हवं असेल तर सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत लागतं. शिवाय मोडलेल्या घराच्या तुळया नव्या घरात वापरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. न वापरलेल्या खाचा आणि भलत्याच जागची भोकं दिसली, तर ती तुळई आधी कुठेतरी वेगळ्या कामाला होती असं समजा.

माणसाच्या नावाचा फलक असेल तर 'ते इथे राहत होते' याला त्याच काळातला कागद हवा: जनगणनेची नोंद, मतदारयादी, व्यवसाय-सूची, पत्त्यासह तारीख असलेलं पत्र. कुटुंबात सांगितली जाणारी आठवण शोधाला दिशा देते, पण फलकावर जात नाही. एका गोष्टीला एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे असा नियम ठेवा. एकाच जुन्या पुस्तकातून उचललेले तीन लेख म्हणजे एकच पुरावा.

घर पाडून त्या जागी नवीन बांधलं असेल तर काय? लंडनमधली फलकांची योजना १८६६ मध्ये सुरू झाली आणि पहिला फलक १८६७ मध्ये इंग्रज कवी बायरनच्या जन्मस्थळी लागला. ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं. आज ती योजना चालवणारी इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्या व्यक्तीचं प्रत्यक्ष घर उभं असेल तरच फलक लावते. लहान गावात इतकं कडक राहण्याची गरज नाही, पण शब्द वेगळे हवेत: 'या घरात' नव्हे, 'या जागी असलेल्या घरात'.

मजकूर

पंचवीस ते चाळीस शब्द. त्याहून जास्त मजकूर रस्त्यावर उभं राहून कोणी वाचत नाही. नाव, काय केलं, या घराशी नातं काय, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि तळाशी लहान अक्षरांत फलक लावणाऱ्यांचं नाव व वर्ष. 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'महान' ही विशेषणं काढून टाका. ज्याने काय केलं ते लिहिलं आहे त्याला ती लागत नाहीत. 'पहिले' आणि 'सर्वांत जुने' हे शब्द तर टाळाच. त्याहून जुनं काहीतरी सापडतंच. साल नक्की नसेल तर 'सुमारे १८७०' लिहा. त्यात कमीपणा काही नाही, आणि ते खरं आहे.

देवनागरी मजकुराला काही खास अडचणी असतात, आणि परक्या लिपीसाठी बनवलेले नमुने तसेच वापरले की त्या उघड्या पडतात. रफार, वेलांटी आणि अनुस्वार ओळीच्या वर जातात, उकार खाली येतो. दोन ओळींमध्ये पुरेशी जागा नसेल तर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. ओतीव फलकात वाळूच्या साच्यातून नमुना सुटावा म्हणून अक्षरांच्या कडांना थोडा उतार द्यावा लागतो, त्यामुळे 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष' यांच्या आतल्या बारीक फटी बुजतात. जाड आणि मोकळ्या पोटाचा फॉन्ट निवडा. अनुस्वाराचा टिंब मोठा ठेवा, रंग भरताना तोच आधी हरवतो.

फाईल कधीही टाईप केलेल्या स्वरूपात देऊ नका. कारागिराच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मात्रा सरकतात, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं फॉन्ट न लागणाऱ्या रेखाकृतीत रूपांतर करून) फाईल द्या आणि सोबत खऱ्या मापाची छापील प्रत द्या. तीच प्रत, ज्यांनी मजकूर लिहिलेला नाही अशा दोघांना वाचायला लावा. आकडे एकाने मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने मूळ कागदावर पडताळावेत. नंतर सह्या घ्या.

अक्षराची उंची अंतरावर ठरते. २५ मिलिमीटरचं अक्षर तीन मीटरवरून आरामात वाचता येतं. फलक डोळ्यांच्या उंचीवर, साधारण दीड मीटरवर, लावणार असाल तर मुख्य मजकूर १२ ते १५ मिलिमीटरमध्ये भागतो. अडीच मीटरच्या वर जाणार असेल तर मजकूर निम्मा करा आणि अक्षरं मोठी करा. लंडनचे गोल फलक ४९५ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि उंचावर बसतात, म्हणून त्यांच्यावर इतके कमी शब्द असतात.

कशाचा करावा

४०० × ३०० × ८ मिलिमीटरचा ब्राँझचा फलक साधारण साडेआठ किलोचा होतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा सुमारे अडीच किलोचा. भुसभुशीत जुन्या भिंतीसाठी हा फरक मोठा आहे. ब्राँझ टिकतं, पण पावसात त्याचे हिरवे ओघळ फिकट दगडावर उतरतात, आणि भंगाराला भाव असल्याने चोरीही होते. पितळ सतत घासावं लागतं, घासून घासून अक्षरं झिजतात. संगमरवरावर आम्लयुक्त पावसाने कोरीव कडा बोथट होतात. ग्रॅनाइट आणि चांगल्या प्रतीची पाटीदगडाची फळी यापेक्षा पुष्कळ बरी. पोलादावरचं एनॅमल सुंदर दिसतं आणि रंग उडत नाही, पण एक टवका गेला की आतून गंज धरतो. उन्हात चिकट विनाइलच्या कडा सुटतात. ते तात्पुरत्या कामापुरतंच ठेवा. पुष्कळ घरं आणि मर्यादित पैसा असेल, तर रंगवलेलं ओतीव ॲल्युमिनियम घ्यावं असं आमचं मत.

क्यूआर कोड हवाच असेल तर वेगळ्या छोट्या पट्टीवर लावा. संकेतस्थळाचा पत्ता बंद पडतो तेव्हा फक्त पट्टी बदलता येते. फलक त्याच्याशिवायही पूर्ण वाचता आला पाहिजे.

भिंतीवर चढवताना

मालकाची लेखी परवानगी आधी. तिच्यात चार गोष्टी असू द्या: फलक कोणाच्या मालकीचा, देखभाल कोण करणार, घर विकलं तर काय, आणि काढायचा झाल्यास भिंत कोण नीट करणार. इमारत संरक्षित यादीत असेल तर भोक पाडण्याआधी संबंधित कार्यालयाची मंजुरी लागू शकते. मालकाला हेही स्पष्ट सांगा की फलकामुळे घराला आपोआप कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

खऱ्या मापाचा पुठ्ठा कापून दिवसभर चिकटपट्टीने लावून ठेवा. दार उघडल्यावर झाकला जातो का, दुपारी छपराची सावली पडते का, वाचायला थांबलेला माणूस रहदारीत येतो का, हे त्यातून कळतं.

भोकं विटेत किंवा दगडात नकोत, सांध्यात घ्या. सांधा पुन्हा भरता येतो, विटेला पडलेलं भोक कायमचं. फलकाच्या स्क्रूची भोकं ठरवण्याआधीच भिंतीवरच्या सांध्यांची मापं घ्या. फलक बनून आल्यावर मापं घेतली की ती हमखास चुकतात. ड्रिलची ठोके देण्याची सोय (हॅमर) बंद ठेवा, नाहीतर जुनी वीट फुटते आणि गिलावा मागून सुटतो. गिलावा बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर जागा बदला. ८ मिलिमीटरचा बिट, ५० ते ६० मिलिमीटर खोली, भुगा फुंकून पूर्ण बाहेर काढा, मग प्लग (भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी नळी). प्लग चुन्यात नुसता फिरत असेल तर लाकडाच्या पाचरी ठोकू नका. त्या फुगून सांधा उकलतात. लांब प्लग घेऊन खोल जा.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि दगड आतून फोडतो. ॲल्युमिनियमच्या फलकाला पितळी स्क्रू लावलात तर ओलाव्यात स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेस स्क्रूखालीसुद्धा नायलॉनचा वॉशर आणि नळी घालावी. फलक आणि भिंत यांच्यात ६ ते १० मिलिमीटरची फट राहील असे स्पेसर घाला, म्हणजे मागून पाणी वाहून जातं आणि भिंत सुकते. कडेने सिलिकॉन मारून फलक बंद करणं ही सर्रास होणारी चूक आहे. आत शिरलेला ओलावा अडकतो, गिलावा फुगतो. नुसता इपॉक्सीने चिकटवू तर अजिबात नका, काढताना दगडाचा पापुद्रा सोबत येतो.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, मऊ ब्रश, पाणी आणि सौम्य साबण. आम्ल किंवा धातूचं पॉलिश नको, त्याने रंग आणि लॅकर जातं. त्याच वेळी स्क्रू सैल झालेत का बघा आणि फोटो काढून नोंदवहीत लावा. नोंदवहीत प्रत्येक फलकाला क्रमांक, जागा, मजकूर, परवानगीपत्र आणि प्रत्येक विधानामागचा कागद असावा. एक प्रत ग्रंथालयात, एक वेगळ्या जागी.

पुढे एखादा कागद फलकाविरुद्ध गेला, तर नोंदवहीतला पुरावा काढून दोन्ही शेजारी ठेवा. नवा कागद भक्कम ठरला तर फलक उतरवा, चुकीचं साल झाकणारी पट्टी वर डकवू नका. दुरुस्त फलक त्याच भोकांवर बसेल अशी मापं ठेवा. बसत नसेल तर जुनी भोकं चुन्याच्या मालाने भरा, सिमेंटने नाही. बदल का केला हे तारखेसह नोंदवहीत लिहा, आणि ज्या माहितीपत्रकात जुनं साल छापलं गेलंय त्यांच्याकडेही ते कळवा.