गच्चीवरची चाळीस मीटरची तार

परवाना हातात पडला की नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, पहिला प्रश्न विचारतो, "ताई, सेट कुठला घेऊ?" मी उलट विचारते, "तुमच्या गच्चीची लांबी किती?" सेट दुसऱ्याचा जुना चालतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला बिटेक्स हा सेट स्वतः जोडून काही वॉटवरही मजेत बोलता येतं. पण अँटेना वाईट असेल तर शंभर वॉटचा सेट म्हणजे नुसता हीटर.

आमच्याकडे ठाण्यात चार मजली सोसायटीत जे जमतं तेच सांगते: ७ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे चाळीस मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली उतरणारी तारेची अँटेना. आपल्याला हा बँड ७.० ते ७.२ मिळतो, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे खालच्या पायरीचा परवाना असलेल्या, व्हीयू-३ कॉलसाइनवाल्यांनाही. ऐकायची घाई समजू शकते, पण परवान्याआधी बोलायचं बटण दाबायचं नाही.

सामान इलेक्ट्रिकच्या आणि प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. घराच्या वायरिंगची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर २१ मीटर, पीव्हीसी पाइपाचे तीन तुकडे (मधला जरा लांब, टोकांचे बोटभर), नायलॉनची दोरी, एक जाड जीआय पाइप किंवा चांगला वाळलेला बांबू. अँटेनापासून सेटपर्यंतची केबल आणि तिच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर तेवढे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. या बँडवर आरजी-५८ ही केबल चालते, ३० मीटरला दीड डेसिबलच्या आत नुकसान. हीच केबल १४५ मेगाहर्ट्‌झला लावाल तर निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच संपेल, म्हणून व्हीएचएफसाठी, म्हणजे अशा वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी, वेगळी जाड केबल घ्या.

लांबीचं गणित सोपं आहे. १४२.५ भागिले मेगाहर्ट्‌झ म्हणजे पूर्ण लांबी मीटरमध्ये. ७.१ साठी २०.०७, म्हणजे एक बाजू १० मीटरच्या किंचित वर. पण कापताना प्रत्येक बाजू साडेदहा मीटर कापा. वायरवरच्या प्लास्टिकमुळे आणि तार खाली उतरती असल्यामुळे शेवटी किती लागेल ते तुमची गच्चीच सांगते, सूत्र नाही. जास्तीची तार कापता येते, कमी पडलेली जोडत बसावं लागतं.

मधल्या पाइपाला दोन भोकं पाडून दोन्ही तारा ओवा, गाठ मारा, मगच डाग द्या. ओढ गाठीवर यायला हवी, डागावर नाही. एका तारेला केबलचा मधला गाभा, दुसरीला जाळी. त्याच्या लगेच खाली चार इंची पीव्हीसी पाइपावर केबलचेच साधारण बारा वेढे एकाला एक चिकटवून गुंडाळा. हा चोक नसेल तर केबलची बाहेरची बाजूही अँटेना होते आणि घरात मायक्रोफोन हातात धरला की ओठांना चटका बसतो. जोड नीट वॉटरप्रूफ करा. साधी काळी टेप कोकणपट्टीच्या पावसात एक मोसमही धड टिकत नाही, स्वतःला चिकटणारी रबर टेप लावा. केबलमध्ये पाणी शिरलं की ती फेकायचीच.

आता मास्ट, म्हणजे तार टांगायचा तो पाइप किंवा बांबू. मधला बिंदू गच्चीपासून ६ मीटर वर, टोकं अडीच मीटरवर धरली तर दोन्ही टोकांत पावणेएकोणीस मीटर अंतर लागतं. इतकी गच्ची नसेल तर तार कर्णावर टाका. तरी उरली तर शेवटचा मीटर-दीड मीटर कठड्याच्या दिशेने वळवा. प्रवाह मध्यभागी जास्त असतो, टोकं वाकल्याने फारसं बिघडत नाही. पण टोकांना व्होल्टेज जास्त असतं, म्हणून ती पापड वाळत घालणाऱ्या काकूंच्या हाताला लागता कामा नयेत. तार पडली तरी विजेच्या लाइनवर पडणार नाही इतकं अंतर ठेवा. इथे तडजोड नाही.

उंची कमी म्हणून हिरमुसू नका. पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे इथे १० मीटरपेक्षा, खाली असलेली तार बरीचशी शक्ती सरळ वर फेकते. ती आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येते आणि दिवसा कोल्हापूर, बेळगाव, पणजी अगदी शेजारी असल्यासारखे ऐकू येतात. जपान-युरोपचा नाद असेल तर मात्र उंची हवी, किंवा वीस मीटर बँड.

मग मोजणी. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, जितका कमी तितका बरा. त्याचा मीटर किंवा नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र एखाद्या जुन्या हॅमकडून मागून आणा. समजा सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ६.८५ ला आला. १०.५ गुणिले ६.८५ भागिले ७.१ म्हणजे १०.१३. दोन्ही बाजू ३७ सेंटिमीटर कमी करायच्या. कापू नका! टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळा, पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला की थांबा. १.३ चा १.१ करण्यात रविवार घालवणारे मला माहीत आहेत, समोरच्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, परवाना सोबत न्या, एका पानावर रेखाटन द्या. "टॉवर" हा शब्द चुकूनही उच्चारू नका, लगेच मोबाइल टॉवरचं भांडण सुरू होतं. "कपड्यांच्या दोरीसारखी एक तार" म्हटलं की सही मिळते. मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर टाका, वीज कडाडेपर्यंत वाट बघू नका.

आणि सगळं जमूनही सेटवर नुसती खरखर असेल, तर सेट बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. खरखर गेली तर दोषी घरातच आहे: स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर. एकेक एमसीबी चालू करत शोधा. नाही गेली तर शेजारी. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, चांगल्या कंपनीचा एक बल्ब घेऊन जा आणि तुमच्या हाताने बदलून द्या.