सशाची केसगळती आणि खाज: या चुका टाळा

सशाचे केस गळायला लागले की कुणी म्हणतं, "ऋतू बदललाय, गळणारच," आणि महिनाभर नुसतं बघत बसतं. कुणी त्याच दिवशी शाम्पूची बाटली उघडतं. केस झडणं वेगळं आणि खाज वेगळी, हे दोघांच्याही ध्यानात आलेलं नसतं.

निरोगी ससा वर्षातून अनेकदा केस बदलतो, ऋतू पालटताना जास्तच. सुरुवात बहुधा डोक्याकडून होते, मग मान, पाठ आणि शेवटी मागची बाजू. पुंजकेच्या पुंजके हातात येतात, अंग ठिगळं लावल्यासारखं दिसतं, पण ससा सारखा खाजवत नाही. खात्री करायची तर केसांवर हळूच फुंकर मारा. केस बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते. ती स्वच्छ असेल, बारीक नवे केस डोकावत असतील, तर काळजी नको. गडद रंगाच्या सशांत नवे केस उगवतात तिथली कातडी काळसर दिसते, तोही रोग नव्हे. लाली, कोंडा, खपली किंवा ओल दिसली तर मात्र हे ऋतूचं काम नाही.

अंघोळ घालू नका

सशाची लव इतकी दाट असते की ती लवकर वाळत नाही आणि ससा गारठतो. त्याहून मोठा धोका भीतीचा. घाबरलेला ससा मागच्या पायांनी इतक्या जोरात लाथ मारतो की त्याचाच कणा मोडू शकतो. मागचा भाग घाण झाला असेल तर तेवढाच कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा.

कुत्र्या-मांजराचं औषध सशाला लावू नका

ही चूक जिवावर बेतते. पिसवा मारायला मानेवर टाकायच्या अनेक औषधी थेंबांत फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं आणि ते सशाला विषारी ठरतं. पशुवैद्य सशाला सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन ही औषधं देतात, पण वजन करून. अंदाजाने दोन थेंब कमी टाकणं हा डोस नव्हे.

शिवाय खाज कुठे आहे यावरून कारणाचा माग लागतो. मानेमागे आणि पाठीवर पांढरा कोंडा असेल तर बहुधा लवेतले माइट्स, म्हणजे अंगावर राहणारे अगदी बारीक किडे. नीट पाहिलं तर कोंडा हलताना दिसतो, आणि सशाला उचलणाऱ्यांच्या हातांवर खाजरे लाल ठिपके उठू शकतात. कानात तपकिरी खपल्यांचे थर आणि सारखं डोकं झटकणं म्हणजे कानातले माइट्स. त्या खपल्या कापसाच्या काडीने काढू नका. खालची कातडी सोललेली असते, फार दुखतं, आणि उपचारानंतर खपल्या आपोआप गळतात. नाक, ओठ, पंजे यांवर खपल्या असतील तर खरूज असू शकते. गोल टक्कल पडलं तर गजकर्णाचा संशय घ्या. त्यावर घरातलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर बुरशी आणखी पसरते, आणि ससा ते चाटतो ते वेगळंच.

औषध देऊनही खाज परत येते, कारण एकाच सशावर, एकदाच उपचार झालेला असतो. अंड्यांतून नवे किडे निघतात. घरातले सगळे ससे, पिंजरा आणि अंथरूण हे सगळं एकाच वेळी हाताळावं लागतं.

प्रत्येक टकलाला किडे जबाबदार नसतात

हनुवटीखाली केस ओले राहत असतील तर लाळ गळतेय का पाहा. दुखणं अनेकदा दातांत असतं. मागचा भाग लघवीने भिजत असेल तर अनेकदा ससा लठ्ठ असतो किंवा सांधेदुखीमुळे त्याला वळून स्वतःला साफ करता येत नाही. उकाड्यात अशा ओल्या जागी माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या होतात, म्हणून रोज बघा. मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून तोंडात गोळा करत असेल तर ती घरटं करतेय. गर्भ नसतानाही हे घडतं.

पोटाकडे दुर्लक्ष

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. ससा अंग चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. आतडं नीट चालत असेल तर केस लेंड्यांतून निघून जातात. ते चालतं ठेवतं वाळलेलं गवत आणि भरपूर पाणी. लेंड्या केसांत ओवलेल्या माळेसारख्या पडू लागल्या तर गवत वाढवा आणि रोज मऊ ब्रश फिरवा. अननसाचा रस केस विरघळवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि बारा तासांत ससा काही खात नसेल किंवा लेंड्याच पडल्या नसतील, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

ब्रश करताना सशाला उताणं धरू नका. तो शांत दिसतो, पण आतून भेदरलेला असतो. गाठी कात्रीने कापू नका, कातडी कागदासारखी फाटते.

दवाखान्यात जाण्याआधी घरी काहीही लावू नका, नाहीतर तपासायला काही उरतच नाही. कोंड्याच्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून काढा आणि सोबत न्या. सूक्ष्मदर्शकाखाली माइट त्यावर सापडू शकतो.