रेस दिली की गाडी दबते? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दाबला आणि गाडी क्षणभर दबली, मग झटका देऊन उठली, असं होत असेल तर लगेच कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट शोधत फिरू नका. आधी दोन-चार दिवस नुसतं बघा ती कधी दबते. सकाळी थंड असताना का गरम झाल्यावर, एसी लावल्यावर का फ्लायओव्हरच्या चढाला, जागेवरून उठताना का तिसऱ्या-चौथ्या गिअरला. आणि आरपीएमचा काटा वर पळतोय पण गाडी जागची हलायला तयार नाही, असं असेल तर इंजिनच्या मागे लागूच नका, तिथे क्लच प्लेट संपलीय.

आता मुंबईतल्या निम्म्याअधिक ओळखीच्यांकडे सीएनजी गाडी असते, आणि त्यांच्याकडे फुकटचं टेस्टिंग मशीन आहे, ते म्हणजे डॅशबोर्डवरचं गॅस-पेट्रोलचं बटण. इंजिन गरम झालं की तोच रस्ता, तोच गिअर, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून बघा.

फक्त गॅसवर दबते आणि पेट्रोलवर मस्त पळते, तर आधी प्लग काढा. गॅस पेटवायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगचा गॅप (टोकांमधलं अंतर) वाढला किंवा प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल कमजोर झाली की गाडी आधी गॅसवर मिस मारते, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमध्ये जाळच होत नाही, पेट्रोलवर बरेच महिने कळतही नाही. साधे निकेलचे प्लग साधारण ३०-४० हजार किलोमीटर जातात, गॅसवर त्याहून लवकर बदलावे लागतात. गॅप फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको. प्लग नवे आणि तरी तेच, तर गॅसचा फिल्टर, मग रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), आणि किट बाहेरून बसवलं असेल तर त्याचं ट्युनिंग. (गॅसवर पिकअप थोडा कमीच असतो हो, तो फॉल्ट नाही. झटका मात्र फॉल्ट आहे.)

उलट झालं, म्हणजे गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर दबते, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर नाहीतर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). आपल्याकडे लोक वर्षभर पेट्रोलचा काटा लाल रेषेवर ठेवून फिरतात, गॅस आहे ना म्हणून. पण पंप टाकीच्या आत बसलेला असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच, टाकी कोरडी ठेवली की पंपाचं आयुष्य घटतं. पाव टाकी तरी ठेवा आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवून ते संपवतही जा, जुनं पेट्रोल पडून राहणंही बरं नाही.

दोन्हीवर दबते? तर हवेची बाजू बघा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा, मेट्रोच्या खोदकामाच्या रस्त्यांवर तो पुस्तकातल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि फिल्टर भिजलेला निघाला तर स्टार्ट मारू नका, पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइपही हाताने वाकवून बघा, चीर असते, किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या उंदरांनी काम केलेलं असतं, वायरीही बघा.

मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी तासन्‌तास आयडलवर (रेस न देता नुसती चालू) राहते आणि तेलाच्या वाफेने तिथे काळा थर चढतो, म्हणून पॅडलला पहिला हात लावताच गाडी अडखळते आणि पुढे नीट जाते. चावी काढून, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाती बोटाने जोर लावून उघडू नका, मोटरची वाट लागते. साफ केल्यावर आयडल वरखाली झाला तर स्कॅनरने रीलर्न करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला थ्रॉटलची जागा नव्याने शिकवा. मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर त्याला फक्त त्याचाच स्प्रे, फडका अजिबात नको.

स्कॅनर म्हणाल तर ब्लूटूथवाला साधा ओबीडी (गाडीचे फॉल्ट कोड मोबाईलवर दाखवणारा) घ्या, स्टिअरिंगच्या खाली लागतो. पी०३०२ आला म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिस. आता दोनची कॉइल तीनवर टाका, कोड पुसा, चालवा, कोड पी०३०३ झाला की कॉइलच गेलीय, नाही हलला तर प्लग किंवा इंजेक्टर. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तेव्हा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघा: आयडलला खूप प्लस आणि रेस दिली की कमी होतो तर कुठूनतरी हवा खेचतेय, लोडवर वाढत जातो तर पेट्रोल कमी पोचतंय. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून ब्लिंक होत असेल तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं आणि ते बिल बघून तुम्हीच दबाल.

डिझेलवाल्यांचं गणित वेगळं. तिथे टर्बोचा सुटलेला पाइप, ईजीआर व्हॉल्व्हमधला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) कार्बन, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी, आणि बीएस६ असेल तर भरलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तो गरम झाला की काजळी जळून साफ होतो). रोज दादर ते अंधेरी रांगत जाणाऱ्या गाडीचा डीपीएफ साफ व्हायला गरमच होत नाही, त्याचा दिवा लागला की ईस्टर्न फ्रीवेवर किंवा पनवेलच्या पुढे मॅन्युअलमध्ये दिलंय तसं एकाच स्पीडने चालवून घ्या, तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटरला फोर्स रीजनरेशन, म्हणजे मशीन लावून ती काजळी जाळून घेणं.