सायकलचा टायर घेताना इंच विसरा, शेवटचे तीन आकडे वाचा

दुकानात ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटले की दुकानदार हाताला लागेल तो सव्वीसचा टायर काढून देतो. घरी बघावे तर तो रिमवर चढतच नाही, नाहीतर चढतो पण सैल राहतो. यात नवल काही नाही. सव्वीस इंची या एका नावाखाली निदान पाच वेगळी मापे आहेत: 559, 571, 584, 590 आणि 597 मिलिमीटर. यातल्या एका मापाचा टायर दुसऱ्या मापाच्या रिमवर धड बसत नाही. तरीही ‘चाक किती इंची ते बघा आणि घ्या’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो.

आधी आकडा शोधा

टायरच्या बाजूला, रिमपासून थोडे वर, आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे असतात: 37-622, 47-559, 40-635. ही ईटीआरटीओ (टायर आणि रिमची मापे ठरवणारी युरोपीय संस्था) हिची पद्धत. आयएसओ 5775 या मानकातही हीच आहे. पहिला आकडा म्हणजे हवा भरल्यावर टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा तीन आकडी. टायरची कड रिमच्या आत ज्या जागी टेकते, तिथला तो व्यास.

रुंदीत थोडे इकडेतिकडे चालते. शेवटच्या तीन आकड्यांत अजिबात चालत नाही. टायरच्या कडेत पोलादी तार असते, घडी होणाऱ्या टायरांत तिच्या जागी मजबूत धागा असतो. दोन्ही न ताणणारे. रबर ताणून ओढून बसेल अशी आशा करू नका.

अक्षरे टायरच्याच रंगाची, उठावाची असतात, आणि जुन्या टायरवर ती चिखलात बुजलेली असतात. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग त्यावरून खडू आडवा घासा. उठाव पांढरा होतो आणि आकडे स्वच्छ दिसतात. खडू नसेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा.

आकडा सापडला की रिमवरही एकदा नजर टाका. रिमवर 622 × 19 असा शिक्का किंवा स्टिकर असतो. त्यातला 622 टायरच्या तीन आकड्यांशी जुळला पाहिजे. 19 ही रिमची आतली रुंदी. हे सांगायचे कारण म्हणजे सायकलवर आत्ता असलेला टायर बरोबर मापाचाच असेल असे नाही. आधी कोणीतरी ‘चालतंय’ म्हणून बसवलेला असू शकतो.

जिथे बहुतेक जण फसतात: अपूर्णांक आणि दशांश

गणितात 1½ आणि 1.5 एकच. टायरवर ते एक नाहीत. सव्वीसच्या घरातली ही मापे बघा:

26 × 1.50, 1.75, 1.95, 2.10 (दशांशातली सगळी): 559
26 × 1¾: 571
26 × 1½: 584
26 × 1⅜: 590
26 × 1¼: 597

म्हणजे 26 × 1.75 आणि 26 × 1¾ हे दोन टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 26 × 1.5 आणि 26 × 1½ यांच्यात तर 25 मिलिमीटरचा फरक आहे. आपल्याकडे दीड, पावणेदोन असे तोंडी म्हणायची सवय असल्याने घोटाळा दुप्पट होतो. काउंटरवर ‘सव्वीस दीड’ म्हटल्यावर समोरच्याने 559 काढायचा की 584? माप तोंडी सांगू नका. टायरच्या बाजूचा फोटो काढून दाखवा किंवा कागदावर लिहून न्या.

हा गोंधळ झाला कसा? पूर्वी इंच म्हणजे फुगवलेल्या टायरचा बाहेरचा व्यास. सव्वीस इंच म्हणजे सुमारे 660 मिलिमीटर. आता बेरीज करा. 590 च्या रिमवर 35 मिलिमीटरचा टायर: 590 + 35 + 35 = 660. 584 च्या रिमवर 38 चा: 584 + 38 + 38 = 660. 559 च्या रिमवर 51 चा: 661. बाहेरून तिन्ही चाके सव्वीस इंची, आतल्या रिम मात्र तीन मापांच्या. पुढे त्याच रिमवर जाड-बारीक टायर येत गेले, बाहेरचा व्यास बदलला, पण नाव तेच राहिले. त्यामुळे आज फुगवलेल्या चाकाला टेप लावून इंच काढण्यात काही अर्थ नाही.

अठ्ठावीसची कथाही तशीच. जुन्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या सायकलचा 28 × 1½ हा टायर 635 चा. नव्या हायब्रिडवरचा 700 × 35सी म्हणजे 37-622, आणि त्याच टायरवर कधीकधी 28 × 1⅝ × 1⅜ असेही छापलेले असते. 28 × 1.75 सुद्धा 622. एमटीबीचा (डोंगराळ वाटांच्या सायकलचा) 29 इंची टायरही 622 च. थोडक्यात 700सी आणि 29 यांच्या रिमचा व्यास एकच, फरक जाडीचा. याउलट जुन्या रेसिंग सायकलींवरचा 27 × 1¼ हा 630 चा, म्हणजे 27 ची रिम 29 च्या रिमपेक्षा मोठी! आणि 27.5 चा टायर 584 चा, 27 पेक्षा बराच लहान. इंचावर विश्वास ठेवू नका म्हणतो ते यासाठी.

मुलांच्या सायकलींतही हेच. 20 × 1.75 म्हणजे 406, तर 20 × 1⅜ म्हणजे 451. 16 × 1.75 हा 305 चा, 16 × 1⅜ हा 349 चा.

आणखी एक गफलत. ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ हे काळ्या सायकलींचे माप बहुधा फ्रेमचे असते, चाकाचे नाही. बावीस इंची सायकल म्हणून बावीस इंची टायर मागू नका.

लहान मापाचा टायर चढत नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. (तरी स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्ती करणारे असतात. ट्यूब फाटते आणि ॲल्युमिनियमच्या रिमची कड वाकते.) खरा धोका मोठ्या मापाच्या टायरचा. 622 च्या रिमवर 630 चा टायर पान्याशिवाय, हातानेच चढतो, आणि ‘वा, सहज बसला’ असे वाटते. व्यासात 8 मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात 25 मिलिमीटरची ढिलाई. हवा कमी असेपर्यंत तो टिकतो. दाब वाढला, किंवा उतारावर ब्रेक दाबून रिम तापली, की एका जागी कड वर सरकते, तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो आणि फुटतो. पुढच्या चाकाला हे झाले तर सायकल हातात राहत नाही. नवा टायर विनासायास, लोंबत चढला, तर आनंद मानू नका. आकडा पुन्हा वाचा.

कुठेच आकडा नसेल तर

टायर, ट्यूब आणि रिमची पट्टी काढा. रिमच्या आतल्या खोलगट भागात दोरा गुंडाळून मोजायचा सल्ला ऐकू नका. ती खोली टायर टेकण्याच्या जागेपेक्षा खाली असते आणि उत्तर लहान येते. आसावरून आरपार टेप धरून व्यास मोजणेही बेभरवशाचे. टेप केंद्रातून थोडी जरी सरकली तरी माप कमी येते, आणि 584 व 590 मधला फरक फक्त 6 मिलिमीटरचा आहे.

परीघ मोजा. शिवणकामाची न ताणणारी टेप रिमच्या बाहेरच्या कडेवरून, एका बाजूच्या ओठावरून, गच्च फिरवा. आलेल्या आकड्याला 3.1416 ने भागा. हा बाहेरचा व्यास. आता ओठापासून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतची खोली पट्टीने मोजा. सध्याच्या ॲल्युमिनियमच्या रिमवर ती साधारण 6 मिलिमीटर येते. तिची दुप्पट वजा करा. समजा परीघ 1871 आला. 1871 ÷ 3.1416 = 595.6. त्यातून 12 गेले, उरले 583.6. म्हणजे रिम 584 ची. 590 ची असती तर परीघ 1891 च्या आसपास आला असता. परिघात वीस मिलिमीटरचा फरक पडतो, तो नजरेतून सुटत नाही.

उत्तर ठरलेल्या मापांपैकी एखाद्याच्या दीड-दोन मिलिमीटरच्या आत आले पाहिजे. 578 वगैरे काहीतरी मधलेच आले तर टेप सैल होती. पुन्हा मोजा. गोल वळवलेल्या कडेच्या जुन्या पोलादी रिमवर 6 मिलिमीटर गृहीत धरू नका, खोली प्रत्यक्षच मोजा.

रुंदी

टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते अडीचपट असली की बहुतेक वेळा ठीक. 19 च्या रिमवर 32 ते 45 निर्धास्त घाला. चिमट्यात, मागच्या फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली सगळीकडे निदान 5 मिलिमीटर जागा राहिली पाहिजे; पावसाळ्यात चिखल धरतो तेव्हा एवढी लागतेच.

ट्यूब

इथे जीव मुठीत धरायचे कारण नाही. ट्यूब ताणते, म्हणून तिच्या खोक्यावर पल्ला छापलेला असतो: 700 × 35–43, किंवा 28/47-622/635. टायरची रुंदी त्या पल्ल्यात बसली की झाले. 622, 630 आणि 635 ला एकच ट्यूब चालते, 584 आणि 590 लाही. वाटेत अडकलात तर 29 च्या चाकात 27.5 ची ट्यूब घालून घरी पोचता येते. मात्र ती तशीच वर्षभर ठेवू नका. बारीक ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून पातळ होते, हवा लवकर उतरते आणि बारीक काट्यानेही पंक्चर होते. उलट जाड ट्यूब बारीक टायरमध्ये कोंबली तर तिला आत घडी पडते आणि काही दिवसांनी त्याच घडीवर चीर जाते. पॅच लावून उपयोग नाही.

‘सव्वीसची ट्यूब’ एवढेच सांगून चूक होते ती वॉलची, म्हणजे हवा भरायच्या तोंडाची. वॉल तीन प्रकारचे. साध्या सायकलचा, ज्यात आतल्या पिनेवर रबरी वॉलट्यूब चढवलेली असते; मोटरसायकलसारखा जाड, ज्याला पेट्रोल पंपावर हवा भरता येते; आणि बारीक प्रेस्टा. पहिल्या दोघांना रिमला साधारण 8.5 मिलिमीटरचे भोक लागते, प्रेस्टाला 6.5. जाड वॉल बारीक भोकात जात नाही, आणि अरुंद रेसिंग रिमचे भोक ड्रिलने मोठे करणे म्हणजे रिम कमजोर करणे. मोठ्या भोकात प्रेस्टा घालायचा असेल तर रबरी बुश लावा. नाहीतर वॉल हलत राहतो आणि ट्यूब बुडाशी फाटते.

वॉलची लांबीही बघा. रिमच्या बाहेर निदान 15 मिलिमीटर दांडा दिसला पाहिजे, नाहीतर पंपाचे तोंड पकड घेत नाही. साध्या रिमला 40 मिलिमीटरचा पुरतो. खोल रिमला 60 किंवा 80 चा लागतो. बुडाची चकती हाताने आवळा, पक्कड लावू नका.

साध्या वॉलच्या ट्यूबची हवा रात्रीतून उतरत असेल तर टायर उघडण्याआधी वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर दोष वॉलट्यूबचा. ती काही रुपयांना मिळते, दोन मिनिटांत बदलते, आणि पंक्चर काढण्याचे पैसे वाचतात.

बसवताना

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून टायर नेहमीसारखा चढवा. शेवटचा भाग जड गेला तर पान्याला जोर देण्याआधी समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगटात ढकला. बरोबर मापाचा टायर बहुतेकदा एवढ्यानेच चढतो. मग अर्धी हवा भरून चाक फिरवा आणि रिमलगतची टायरवरची बारीक रेघ बघा. दोन्ही बाजूंनी, सगळीकडे ती रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी वर आली असेल तर हवा सोडा, टायर तिथे हाताने दाबून बसवा, पुन्हा भरा. दोनदा करूनही रेघ त्याच जागी वर येत असेल तर आणखी हवा भरू नका. टायर उतरवून त्याचे तीन आकडे रिमशी ताडून बघा.